सप्रेम वगळून

खेळ बंद करणाऱ्या कंपनीच्या कर्त्याधर्त्यांस,

न. वि. वि.

पत्राच्या माथ्यावर ‘स. न. वि. वि.’ लिहायचं, असं आम्हाला शाळेत शिकवलं. पुढे ३४ वर्षं पोस्टात काढली, तेव्हा किती कार्डांवर ती चार अक्षरं डोळ्यांखालून गेली त्याचा हिशेब नाही. त्यातला पहिला ‘स’ सप्रेमचा. तो मी आज गाळला आहे. विसरून नव्हे.

तुमचं नाव मी इथे घालत नाही. एक तर तुमच्या वकिलांशी दोन हात करायची माझी ऐपत नाही. दुसरं म्हणजे, हे पत्र वाचून ‘अरे, हे आपल्यालाच तर नाही ना’ असं निदान डझनभर कंपन्यांना वाटावं, अशी माझी इच्छा आहे.

मी ६३ वर्षांची, डोंबिवलीची. तुमचा शेतीचा खेळ मी नऊ वर्षं खेळले. हे वाचून तुमच्यातल्या कुणाला हसू आलं असेल तर येऊ द्या, आमच्या घरातही आलं होतं. खेळाडू म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे कानाला हेडफोन लावलेला सतरा वर्षांचा मुलगा येतो. पण रात्री साडेनऊला भांडी आवरून, ओटा पुसून, पाय वर घेऊन फोन उघडणाऱ्या माझ्यासारख्या बायकाही तुमचे हिरे विकत घेत होत्या. कधी ८९ रुपयांचे, कधी १७९चे. आमचे हे म्हणायचे, अगं खरी भाजी आणताना दोन रुपयांवरून घासाघीस करतेस आणि खोट्या वांग्यांना पैसे मोजतेस! मी म्हणायचे, तुमच्या सिगारेटी सुटल्या त्या पैशांतून मोजते.

आता जे लिहिते आहे ते आजवर ताईशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. माझं माहेर गुहागरकडचं. ते घर वाटण्यांमध्ये विकलं गेलं, २०११ साली. तुमच्या खेळात मी ते पुन्हा उभं केलं होतं. तुमच्या दुकानात कौलारू घर नव्हतं, म्हणून डोंगरातलं लाकडी घर घेतलं आणि त्याचं छप्पर लाल करून घेतलं. फणस नव्हता, म्हणून ओक लावला. तुळशीवृंदावन तर कुठून असणार! पाखरांना पाणी प्यायचं एक दगडी भांडं मिळायचं, ते अंगणाच्या मधोमध ठेवलं. विहीर मात्र होती, रहाटासकट. ताई नागपूरहून माझ्या शेतावर यायची आणि लगेच फोन करायची, अगं गोठा त्या बाजूला नव्हता, न्हाणीघराच्या मागे होता. मग मी गोठा हलवायचे. गोठा हलवायला तुमचे पन्नास हिरे लागायचे. आम्हा बहिणींचं त्यावरून भांडणही झालेलं आहे. न्हाणीघर नेमकं कुठे होतं यावर दोघींचं अजून एकमत नाही, आणि आता होण्याची सोयही राहिली नाही.

शेजारच्या शेतावर ब्राझीलची एक बाई होती. झेंड्यावरून कळलं ब्राझीलची, नाहीतर नावाच्या जागी नुसते आकडे. सात वर्षं आम्ही एकमेकींना रोज खत पाठवलं. तिला मराठी येत नव्हतं, मला तिची भाषा येत नव्हती. माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा बारा दिवस फोन बंद होता. परत आले तर एकही वाफा सुकलेला नव्हता. बाराही दिवस तिने पाणी घातलं होतं. आमच्या मजल्यावरचे लोक इतके दिवस कुंडीला पाणी घालत नाहीत.

नोटीस मला सप्टेंबरात आली. गाजरांवर बोट ठेवलं तर गाजरं निघायच्या ऐवजी पडद्यावर एक पाटी आली. वर फुलांची वेल, खाली हसरी गाय. ‘प्रिय खेळाडू’. मग या सुंदर प्रवासात साथ दिल्याबद्दल आभार. साठ दिवसांनी सेवा बंद होणार ही बातमी मधल्या ओळीत, जशी वाईट बातमी पाहुणे चहा झाल्यावर हळूच काढतात तशी. शेवटी पुन्हा आभार आणि बदामाचं चित्र. पाटी मी तीनदा वाचली. ‘प्रवास’ हा शब्द दोनदा आला होता. मी कुठे गेले होते हो? मी नऊ वर्षं एकाच अंगणात होते.

खालच्या बारीक अक्षरांत होतं की हिऱ्यांची विक्री आजपासून थांबवली आहे, शिल्लक हिरे मुदतीच्या आत वापरून घ्या. तीनच आठवड्यांपूर्वी मी दिवाळीच्या कंदिलांसाठी ४४९ रुपयांचे हिरे घेतले होते. तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं? वापरून घ्या म्हणता, कशावर वापरू? पाडायला काढलेल्या घराला कुणी नवं कुंपण घालतं का?

मी तुम्हाला लिहिलं. पैसे मागितले नाहीत, हे लक्षात घ्या. शेत फोनमध्येच राहील, नेट नसलं तरी उघडता येईल, नुसतं फिरता येईल, असं काही करता येईल का, एवढंच विचारलं. तेही जमत नसेल तर माझ्या शेताचं एक अख्खं चित्र द्या म्हटलं. फोनच्या पडद्यावर एका वेळी जेमतेम कोपरा दिसतो. विहीर दिसली तर गोठा दिसत नाही. तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, तेच, शब्दाला शब्द. प्रवासाबद्दल आभार.

ताईचा मुलगा याच धंद्यात. त्याने मला समजावलं, मावशी, तुझ्या फोनमध्ये नुसती खिडकी आहे, शेत तिकडे त्यांच्या सर्व्हरवर आहे. तू गाजर काढलंस की फोन तिकडे विचारतो, काढू का? तिकडून हो आलं की मग गाजर निघतं. किती हिरे, कुठे गोठा, सगळी वही त्यांच्याकडे. त्यांनी दिवा मालवला की खिडकीबाहेर काळोख. मी म्हटलं, मग खिडकीचे पैसे घेताना हे का नाही सांगितलं? तो म्हणाला, सांगितलं होतं, ‘मान्य आहे’ वर बोट ठेवलंस तेव्हा. त्या करारात किती पानं आहेत ते मी मग उघडून पाहिलं. मनीऑर्डरच्या फॉर्मची मागची बाजूसुद्धा वाचणारी बाई मी, पण ती पानं नव्हती वाचली, हे कबूल.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, बरंच झालं, सरकारनेच बंद केले ना हे ऑनलाइन गेम! त्यांना सांगावं लागलं की ऑगस्ट २०२५ मधल्या त्या कायद्यातली बंदी पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. माझ्या गाजरांवर कुणी पैज लावत नव्हतं. सरकारने बंद केला असता तर निदान कुणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या. आणि सरकारी बंदीचं म्हणाल तर सप्टेंबर २०२० मध्ये ११८ ॲपवर बंदी आली, त्यात पबजी मोबाइल होता. पुढच्या वर्षी तोच खेळ दुसऱ्या नावाने इथे परत आला, तेव्हा पोरांना जुन्या खात्यातली कमाई, कपडे, बंदुका नव्या खात्यात आणता आल्या. गिऱ्हाईक हवं असलं की वही एका गल्ल्यावरून दुसऱ्या गल्ल्यावर बरोबर जाते.

बंद होणं म्हणजे काय, ते मला तुम्ही शिकवू नका. १४ जुलै २०१३ हा देशातल्या तारसेवेचा शेवटचा दिवस. तार तेव्हा आमच्या खात्याकडे राहिली नव्हती, बीएसएनएलकडे होती, तरी आमच्या कचेरीत त्या दिवशी कुणाचं कामात लक्ष नव्हतं. लोक रांगा लावून शेवटची तार करत होते, कुणी नातवाला, कुणी स्वतःलाच. दीडशेहून अधिक वर्षांची सेवा संपली. पण दुसऱ्या दिवशी कुणी माणूस आमच्या दारात येऊन ट्रंकेतल्या जुन्या तारा मागू लागला नाही. मुलगी झाल्याची वडिलांना आलेली तार, म्हणजे माझीच, अजून घरात आहे. घडीवर फाटली आहे, शाई उडाली आहे, पण आहे. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट गेलं, स्पीड पोस्टात मिसळलं. हळहळले. पण आधी पोचलेली रजिस्टर पत्रं काही कोरी झाली नाहीत.

आणखी एक सांगते. पत्त्यावरचा माणूस सापडला नाही, बाहेर पाठवणाऱ्याचा पत्ता नाही, अशी बेवारस पाकिटं आम्ही फाडून टाकत नव्हतो. ती रिटर्न्ड लेटर ऑफिसला जायची. तिथे उघडून बघायचे, आत कुणाचा ठावठिकाणा लागतो का. पाच रुपयांच्या पाकिटामागे एवढा खटाटोप. तुमच्याकडे माझं नाव होतं, मेल होता, फोन नंबर होता, नऊ वर्षांत कोणत्या रात्री किती वाजता मी काय पेरलं तेही होतं.

नोटीस आल्यावर झोप उडाली ती उडालीच, म्हणून रात्री वाचत बसायचे. तेव्हा कळलं की माझं दुःख फारच किरकोळ रांगेतलं आहे. ‘द क्रू’ नावाचा मोटारींच्या शर्यतीचा खेळ होता, युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा, डिसेंबर २०१४चा. अख्खी अमेरिका आखडून एका नकाशात बसवलेली. न्यूयॉर्कहून निघावं आणि गाडी हाकत हाकत दुसऱ्या समुद्राला लागावं. त्यात एकट्याने खेळायची कथाही होती, पण एकट्याने खेळतानासुद्धा कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं राहावं लागायचं. डिसेंबर २०२३ मध्ये विक्री थांबली, ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाले. पुढे तर काहींच्या खात्यातून खेळाचा परवानाच काढून घेतला. दुकानातून पैसे मोजून आणलेली चकती कपाटात, खोक्यासकट, आणि आत घातली तर काही नाही. कॅलिफोर्नियात दोघा ग्राहकांनी दावा लावला, तेव्हा कंपनीची बाजू अशी की तुम्ही खेळ घेतलाच नव्हता, खेळायची परवानगी घेतली होती.

पागडीच्या खोल्यांत हयात काढलेल्या मुंबईकराला ही भाषा ओळखीची वाटेल. पैसे मालकासारखे द्यायचे आणि हक्क भाडेकरूचे. पण पागडीवाल्याला निदान पावती मिळते आणि बाहेर काढायचं तर कोर्टात जावं लागतं.

जुलै २०२५ मध्ये युबिसॉफ्टच्या भागधारकांच्या सभेत खेळ बंद करण्याचा विषय निघाला. तेव्हा प्रमुख ईव्ह गियमो जे बोलले त्याचा मथितार्थ असा, की कोणतीच गोष्ट चिरंतन नसते. साहेब, हे आम्हाला सांगता? देवळातली कीर्तनं ऐकत वाढले मी. देह नाशवंत, घर नाशवंत, धन नाशवंत, सगळं पाठ आहे. पण बुवा ते सांगायचे तेव्हा बुवांच्या हातात चिपळ्या असायच्या, गल्ल्याची किल्ली नव्हे. दुकानदाराने पैसे आत टाकून मग वैराग्य सांगू नये.

त्याच कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला, तो २०२५पासून लागू आहे. जी डिजिटल वस्तू तुम्ही नुसती वापरायला देता, तिच्यावर ‘विकत घ्या’ लिहायचं असेल तर ही तुमच्या मालकीची होत नाही, हे आधी स्पष्ट सांगायचं. एका शब्दासाठी कायदा करावा लागला. तुमच्या हिऱ्यांच्या बटणावर मराठीत ‘खरेदी करा’ होतं. तुमच्या भाषांतरकाराची चूक नव्हे ती.

‘द क्रू’ बंद झाल्यावर रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहीम काढली. युरोपीय संघापुढे नागरिकांचा प्रस्ताव न्यायचा तर १० लाख सह्या लागतात. जुलै २०२५ मध्ये तो आकडा पार झाला, आणि तपासणीनंतर जवळजवळ १३ लाख सह्या खऱ्या ठरल्या. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाला चार वर्षांत निम्म्या सभासदांच्या सह्या जमलेल्या नाहीत, म्हणून मला या आकड्याचं जास्त अप्रूप. आणि मागणी काय, तर सर्व्हर जन्मभर चालवा असं कुणी म्हटलेलं नाही. बंद करताना खेळ खेळता येईल अशा स्थितीत सोडा, इतकंच. म्हणजे मी तुम्हाला जे लिहिलं तेच, फक्त १३ लाख लोकांनी.

तुमच्या धंद्याच्या युरोपातल्या संघटनेने त्यावर उत्तर दिलं. असा नियम केला तर खेळ बनवणंच परवडणार नाही, लोकांनी आपापले सर्व्हर चालवले तर खेळाडूंची माहिती सुरक्षित राहणार नाही, तिथे काही भलतंसलतं घडलं तर जबाबदार कोण, वगैरे. यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणत नाही. सर्व्हरचं भाडं द्यावं लागतं, गाड्यांच्या आणि गाण्यांच्या परवान्यांची मुदत संपते, हे मलाही कळतं. शंभर जण जिथे एकमेकांशी लढतात तो खेळ एकट्याच्या फोनवर कसा चालणार, हेही खरं. पण माझी गाजरं कुणाशी लढत नव्हती. आणि ‘द क्रू’चं काय झालं ठाऊक आहे? चाहत्यांनी स्वतः खपून, कंपनीच्या मदतीवाचून, त्याच्यासाठी नवा सर्व्हर लिहिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये खेळ पुन्हा सुरू केला. हौसेने. खुद्द कंपनीने पुढच्या भागाला नेटशिवाय चालायची सोय करून दिली, तीही हाकाटी झाल्यावर. तेव्हा जमत नाही म्हणू नका, मनात नव्हतं म्हणा.

चांगलं वागलेलं कुणी दिसलं तर तेही लिहायला हवं. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ला आला आणि ६ सप्टेंबरला उतरवला. दोन आठवडे. पितृपक्षसुद्धा याहून लांब असतो. पण विकत घेणाऱ्यांचे पैसे परत केले. तो बनवणाऱ्या स्टुडिओला मात्र ऑक्टोबरात कुलूप लागलं.

‘सिटी ऑफ हीरोज’ची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटली. कोरियन कंपनी एनसीसॉफ्टने ३१ ऑगस्ट २०१२ला कॅलिफोर्नियातला पॅरागॉन स्टुडिओ बंद केला आणि ३० नोव्हेंबरला खेळही. मधल्या दिवसांत खेळाडू आपापले उडणारे, झगेवाले वीर घेऊन खेळातल्या अ‍ॅटलस पार्क नावाच्या चौकात, टाउन हॉलसमोर जमले. हातात मशाली घेऊन. जग वाचवणारी हजारो माणसं, आणि मागणं काय, तर चौक ठेवा. नाही ठेवला. पुढे २०१९ मध्ये उघड झालं की कुणीकुणी गुपचूप तो खेळ जिवंत ठेवला होता. चाहत्यांनी उघडपणे सर्व्हर चालवले, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच एनसीसॉफ्टने त्यांच्यातल्या ‘होमकमिंग’ला रीतसर परवाना दिला. अकरा वर्षांनी का होईना, किल्ली हातात दिली. मला तितकी वर्षं थांबायला सांगू नका, वय बघा.

खरं तर हे पत्र मी नोव्हेंबरातच लिहायला घेतलं होतं आणि अर्धं टाकून दिलं होतं. खेळासाठी काय रडायचं, असं स्वतःलाच वाटलं. फेब्रुवारीत दुसरी नोटीस आली. ही मला नव्हती, ताईच्या मुलाला होती.

तो बंगळुरूच्या एका स्टुडिओत होता. तुमचा नव्हे, तुमच्या भाऊबंदांपैकी कुणाचा तरी. तो झाडं करायचा. खेळांत जी झाडं दिसतात ना, ती कुणीतरी एकेक करून बसवलेली असतात, हे मला त्याच्यामुळे कळलं. साल कशी फाटते, वाऱ्याने आधी कुठली फांदी हलते, जवळ गेलं की पान कसं दिसायला हवं आणि लांबून बघताना तेच पान किती स्वस्तात भागवता येतं, यात पोराचा दिवस जायचा. मागे इकडे आला होता तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या आवारातल्या पिंपळाचे शंभरेक फोटो काढून नेले. बुंध्याला लोकांनी गुंडाळलेले दोरेसुद्धा एकेक. वॉचमनला वाटलं महापालिकेचा माणूस आहे, झाड तोडायला आलाय.

सकाळी अकराला सगळ्यांना लॅपटॉपवर बोलावलं. पंधरा मिनिटांत सांगितलं की स्टुडिओ बंद. दुपारी जेवून आला तर लॅपटॉप उघडेना. मग मेल आला, त्याच्या खासगी पत्त्यावर. तो त्याने मला दाखवला. मी माझी नोटीस काढली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. सुंदर प्रवास. साथ. आभार. अवघड निर्णय. त्याच्यात बदामाचं चित्र नव्हतं, एवढाच काय तो फरक. मी तुमची गिऱ्हाईक, तो तुमच्यासारख्यांचा कामगार. आम्हा दोघांना एकाच साच्यातून निरोप. पोस्टात आम्ही छापील नमुने वापरायचो, नाही असं नाही, पण मनीऑर्डरचा आणि मयताच्या दाव्याचा नमुना वेगळा असायचा.

त्याने तीन वर्षं ज्या खेळासाठी झाडं केली तो खेळ बाहेर आलाच नाही. येणारही नाही. आणि ती झाडं तो कुणाला दाखवू शकत नाही, कारण गुप्ततेच्या करारावर सही आहे. नवी नोकरी मागायला जाईल तेव्हा समोरचा विचारेल, तीन वर्षं काय केलंत? हा काय दाखवणार? आमच्या आवारातला पिंपळ?

२०२० मध्ये ताईने मला कौतुकाने फोन केला होता. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा गाजलेला जुना भाग नव्याने बनणार, तोही आपल्या पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत, अशी बातमी आली होती. मुलगा तेव्हा शिकत होता. या धंद्यात आपल्याकडच्या पोरांना दिवस आले म्हणाली. २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला नेलं. जानेवारी २०२६ मध्ये तो खेळच रद्द झाला. ताई हल्ली या विषयावर बोलत नाही.

आणि कुणी म्हणेल, काम चांगलं असतं तर बंद कशाला झालं असतं? मग टोकियोच्या टँगो गेमवर्क्सचं बघा. २०२३ मध्ये त्यांचा ‘हाय-फाय रश’ आला, गाण्याच्या ठेक्यावर हाणामारी करायचा. लोकांनी डोक्यावर घेतला. एप्रिल २०२४ मध्ये त्याला अ‍ॅनिमेशनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. मे महिन्याच्या ७ तारखेला मायक्रोसॉफ्टने तो स्टुडिओ बंद करत असल्याचं सांगितलं. बक्षिसाला महिनासुद्धा झाला नव्हता. वर दुसऱ्याच दिवशी अंतर्गत बैठकीत साहेबमंडळी म्हणाली, बक्षिसं मिळवून देणारे छोटे खेळ आपल्याला हवेत, अशा बातम्या आल्या. ऑगस्टात क्राफ्टन या दुसऱ्या कोरियन कंपनीने टँगोला घेतलं म्हणून ती मंडळी तरली. हुशारीवर तरली नाहीत, नशिबावर तरली.

सिनेमाचंही असंच झालं होतं. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची आज काही रिळंच शिल्लक आहेत. ‘आलम आरा’चं तर एकही नाही. त्या काळी जुन्या रिळांतून चांदी काढायला लोक ती वितळवायचे. त्यांना मी दोष देत नाही. ही पुढे कुणाला हवी असतील, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. पुण्याचं फिल्म संग्रहालय १९६४चं, तोवर उशीर झाला होता. तुम्हाला ती सबब नाही. १३ लाख लोक सह्या करून सांगताहेत की आम्हाला हवंय. आणि तुम्हाला तर चांदीही मिळत नाही.

शेवटच्या दिवसाचं लिहिते आणि थांबते. तुमची मुदत मध्यरात्रीची होती, पण तुमच्याकडच्या घड्याळाची. आमच्याकडे पहाटेचे साडेपाच. मी साडेचारला उठले. ताई आधीच येऊन बसली होती, माझ्या अंगणात, त्या दगडी भांड्याशी. फोन केला नाही कुणीच. ब्राझीलच्या बाईने माझ्या फाटकाशी खताची पोती ठेवली होती, मोजली तर चाळीस. आपल्याकडचं सगळं देऊन टाकलं होतं तिने. मी तिला माझी गाय पाठवली. गाय पाठवता येते हे मला नऊ वर्षांत माहीत नव्हतं, त्या दिवशी बटण सापडलं. मग मी सगळ्या वाफ्यांत गाजरं पेरली. गाजरं तयार व्हायला आठ तास लागायचे. साडेपाचला अजून सात तास चाळीस मिनिटं शिल्लक दाखवत होती, तेव्हा पडदा पांढरा झाला आणि मधोमध आलं, ‘जोडणी होत नाही. पुन्हा प्रयत्न करा.’

मी पुन्हा प्रयत्न केला. यांनी चहा करून आणेपर्यंत करत होते.

कळावे, लोभ होताच.

आपली (नऊ वर्षे),
एक खेळाडू, डोंबिवली

ता. क. – ४४९ रुपये परत करायचा विचार असेल तर नको. त्याऐवजी वही अजून पुसली नसेल तर त्यात बघून एवढं कळवा, की ताईच्या सांगण्यावरून मी गोठा एकूण किती वेळा हलवला. ती म्हणते दोनदा. मला पक्कं आठवतंय, पाच.